रास्पबेरी पायला तापमानाचा सेन्सर जोडायचाय? मुंबईकरांसाठी पहिल्या वायरीपासून

मे महिन्याच्या दुपारी फोन ३४ अंश दाखवतो आणि वरच्या मजल्यावर पत्र्याखाली बसलेला माणूस म्हणतो, "काहीतरीच! चाळीसच्या वर असणार." दोघांचंही बरोबर असू शकतं. फोनवरचा आकडा शहराचा असतो, तुमच्या खोलीचा नसतो. हवामान खात्याच्या मुंबईतल्या दोन प्रमुख वेधशाळा म्हणजे कुलाबा आणि सांताक्रूझ. कुलाब्याला समुद्राचा शेजार, त्यामुळे तिथला पारा फार चढत नाही आणि रात्री फार उतरतही नाही. सांताक्रूझला, विशेषतः हिवाळ्यात, पहाट चांगलीच गार असते. एकाच शहरात ही तऱ्हा. मग आपल्या खोलीचं, फ्रिजचं किंवा माशांच्या टाकीचं तापमान हवं असेल तर ते तिथेच मोजायला हवं.

रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक (पुढे मी त्याला नुसतं "पाय" म्हणतो) तुमच्याकडे आहे, मेमरी कार्डावर त्याची सिस्टिम टाकली आहे आणि डेस्कटॉप उघडतोय, एवढं मी गृहीत धरतो. इलेक्ट्रॉनिक्सचा अनुभव नसला तरी चालेल.

कुठला सेन्सर घ्यायचा

दुकानात दोन नावं सारखी कानावर पडतात: डीएचटी आणि डीएस१८बी२०. डीएचटी ११ किंवा २२ तापमानाबरोबर आर्द्रताही सांगतो, त्यामुळे मुंबईकराला त्याचा मोह होतोच. पण सुरुवातीला तो घेऊ नका. पायला त्याच्याशी मायक्रोसेकंदांच्या हिशोबात बोलावं लागतं आणि अधूनमधून रीडिंग चुकतं. नवशिक्याला मग आपली वायर ढिली आहे की सेन्सरच तसा आहे, हे समजत नाही. डीएस१८बी२० फक्त तापमान सांगतो, पण नीट सांगतो. उणे ५५ ते १२५ अंश सेल्सिअस एवढी त्याची झेप आहे. उणे १० ते ८५ या पट्ट्यात अर्ध्या अंशापर्यंत इकडेतिकडे होण्याची मुभा बनवणाऱ्याने घेतलेली आहे. मुळात हा डॅलस सेमिकंडक्टरचा चिप. ती कंपनी पुढे मॅक्सिमकडे गेली आणि २०२१ मध्ये मॅक्सिम अ‍ॅनालॉग डिव्हायसेसकडे. त्यामुळे माहितीपत्रकावर या तिघांपैकी कुठलंही नाव दिसलं तरी गडबडू नका.

तो दोन रूपांत मिळतो. एक साधा, तीन पायांचा, काळा, दिसायला ट्रान्झिस्टरसारखा. दुसरा वॉटरप्रूफ: स्टीलच्या नळीत तोच चिप आणि मागे मीटरभर केबल. माझं मत विचाराल तर पहिल्यांदाच वॉटरप्रूफ घ्या. नाजूक पाय वाकण्याची भीती नाही, बर्फात घालून तपासता येतो आणि पावसाळ्यात टिकतो.

खरेदीला ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरा आणि लॅमिंग्टन रोड गाठा. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असलं तरी विचारताना लॅमिंग्टन रोडच म्हणा. रविवारी जाऊ नका, बरीचशी दुकानं बंद असतात. काउंटरवर "अठरा बी वीस, वॉटरप्रूफ" एवढं म्हटलं की पुरे. बरोबर ४.७ किलोओहमचे रेझिस्टर (सुटा एक कोणी देत नाही, पाकीटच घ्या), एक ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता वायरी जोडायची भोकांची पट्टी) आणि मेल-फिमेल, म्हणजे एका टोकाला पिन आणि दुसऱ्या टोकाला खाच असलेल्या, जंपर वायर घ्या. रेझिस्टरवर पिवळा, जांभळा, लाल आणि शेवटी सोनेरी असे पट्टे असले की तो ४.७ किलोओहमचा. पाच पट्ट्यांचा निळसर मिळाला तर पिवळा, जांभळा, काळा, तपकिरी बघा. रंग ट्यूबलाइटच्या उजेडात फसवतात, शंका आली तर दुकानदाराच्याच मल्टिमीटरवर मोजून घ्या.

बाजारात डीएस१८बी२०च्या नकलांचा सुळसुळाट आहे, लॅमिंग्टन रोडवर आणि ऑनलाइनही. सगळ्या नकला टाकाऊ नसतात, घरगुती कामाला पुष्कळशा चालून जातात. अस्सल-नक्कल ओळखायची एक खूण पुढे येईल.

वायरी

आधी पाय बंद करा आणि त्याची वीज काढा. चालू पायवर वायरी लावायची सवय लागली की एक दिवस बोर्ड जातो.

आता पाय असा धरा की ४० पिनांची दुहेरी रांग उजव्या कडेला उभी येईल आणि यूएसबीचे खण खाली. (पाय झीरो या छोट्या बोर्डावर बहुधा पिना लावलेल्या नसतात. एक तर पिनांसकट येणारा घ्या, नाहीतर सोल्डर करून घ्या.) वरच्या टोकाला, आतल्या रांगेतली पहिली पिन ही क्रमांक १. आतल्या रांगेत वरून खाली १, ३, ५, ७, ९ असे विषम क्रमांक आणि बाहेरच्या रांगेत २, ४, ६ असे सम. खात्री करायची असेल तर बोर्ड उलटा करून बघा, बहुतेक बोर्डांवर १ क्रमांकाच्या पिनचा टाका चौकोनी असतो, बाकीचे गोल.

आपल्याला तीनच पिना लागतात: १, ७ आणि ९. १ वर ३.३ व्होल्ट, ७ वर डेटा (प्रोग्रॅमच्या भाषेत हिलाच जीपीआयओ ४ म्हणतात) आणि ९ वर ग्राउंड, म्हणजे शून्य व्होल्टची बाजू. तिन्ही आतल्या रांगेत आहेत हे आपलं नशीब, कारण ५ व्होल्टच्या दोन्ही पिना, २ आणि ४, बाहेरच्या रांगेत बसल्या आहेत. म्हणून साधा नियम ठेवा: बाहेरच्या रांगेला हातच लावायचा नाही. सेन्सर स्वतः ३ ते ५.५ व्होल्टवर चालतो, त्याला ५ व्होल्टने काही होत नाही. पण पायच्या डेटा पिनेला ३.३ पेक्षा जास्त सोसत नाही. नेटवर "५ व्होल्टला जोडलं तरी चालतं" असं लिहिलेलं सापडेल, ते बहुतेक वेळा अर्डुइनो या ५ व्होल्टच्या बोर्डावर काम करणाऱ्यांनी लिहिलेलं असतं.

वॉटरप्रूफ सेन्सरच्या तीन वायरी बहुधा लाल, पिवळी आणि काळी असतात. लाल वीज, पिवळी डेटा, काळी ग्राउंड. रंग वेगळे असतील तर अंदाज करू नका, दुकानदाराला विचारा. साधा तीन पायांचा असेल तर सपाट, अक्षरं कोरलेली बाजू आपल्याकडे आणि सेन्सरचे तिन्ही पाय खाली धरा: डावा ग्राउंड, मधला डेटा, उजवा वीज.

ब्रेडबोर्डवर पाच-पाच भोकांच्या आडव्या ओळी असतात आणि एका ओळीतली पाचही भोकं आतून जोडलेली असतात. तीन वेगळ्या ओळी निवडा. पहिल्या ओळीत सेन्सरची लाल आणि पायच्या १ नंबर पिनची वायर. दुसऱ्या ओळीत पिवळी आणि ७ नंबरची. तिसऱ्या ओळीत काळी आणि ९ नंबरची. मग रेझिस्टरचा एक पाय पहिल्या ओळीत, दुसरा पाय दुसऱ्या ओळीत. त्याला उलटसुलट काही नसतं, कसाही लावा. सेन्सरच्या केबलीची टोकं बारीक तारांची असतात आणि भोकात शिरताना पिसकटतात, म्हणून आधी पीळ देऊन किंचित सोल्डर चढवून घ्या. कात्री नाही, सोल्डरिंग गन नाही, अशी अवस्था असेल तर गल्लीतला मोबाइल दुरुस्तीवाला दोन मिनिटांत करून देईल.

रेझिस्टर कशाला, हे समजून घ्या, कारण नव्वद टक्के रडगाणी तिथूनच सुरू होतात. सेन्सर आणि पाय एकाच तारेवर बोलतात आणि दोघांनाही ती तार फक्त खाली, शून्याकडे ओढता येते. बोलणं थांबलं की तार पुन्हा ३.३ व्होल्टवर जायला हवी, ते काम रेझिस्टर करतो. तो नसला तर तार अधांतरी राहते आणि पायला नसलेले सेन्सर दिसू लागतात. त्यांची नावं शून्य-शून्यने सुरू होतात आणि दर थोड्या वेळाने बदलतात. अशी भुतं दिसली की प्रोग्रॅम तपासत बसू नका, रेझिस्टर बघा.

वीज लावण्याआधी लाल आणि काळी पुन्हा एकदा नजरेखालून घाला. दोन्ही उलट लागल्या तर सेन्सर काही सेकंदांत चटका बसेल इतका तापतो. म्हणून पाय सुरू केल्यावर लगेच नळीला हलकेच बोट लावून बघा. गरम लागली तर तडक वीज काढा. लगेच काढली तर सेन्सर बरेचदा वाचतो.

पायला सांगणं

मेनूतल्या प्रेफरन्सेसमध्ये रास्पबेरी पाय कॉन्फिगरेशन उघडा (अगदी नव्या आवृत्तीत त्याच्या जागी कंट्रोल सेंटर दिसेल). इंटरफेसेसमध्ये वन-वायर (एका तारेवरून बोलायची हीच पद्धत) नावाचं बटण आहे, ते चालू करा आणि पाय रीस्टार्ट करा. पायला स्क्रीन जोडलेला नसेल तर टर्मिनलवरून (आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून) रास्पी-कॉन्फिग उघडा, त्यात इंटरफेस ऑप्शन्सखाली हीच सोय आहे.

आता फाइल मॅनेजरमध्ये सगळ्यात वरच्या, म्हणजे रूट फोल्डरमध्ये जा. तिथून सिस, त्यात बस, त्यात डब्ल्यू१, त्यात डिव्हायसेस. २८ आणि आडव्या रेघेने सुरू होणारं एक लांबलचक नाव दिसलं, तर सेन्सर बोलायला लागला. २८ हा या जातीच्या सेन्सरचा कुळक्रमांक आणि पुढची बारा अक्षरं त्या एकाच नगाची. अस्सल-नकलेची खूण इथेच असते: अस्सल सेन्सरच्या नावात रेघेनंतर लगेच चार शून्यं येतात. तिथे दुसरं काही असेल तर बहुतेक नक्कल आहे. टाकून देऊ नका, फक्त पुढची बर्फाची परीक्षा टाळू नका.

त्या फोल्डरमध्ये डब्ल्यू१ स्लेव्ह नावाची फाइल आहे. ती उघडलीत की क्षणभर काहीच होत नाही. सेन्सरला मोजायला जवळपास पाऊण सेकंद, नेमकं ७५० मिलिसेकंदांपर्यंत लागतं. मग दोन ओळी येतात. पहिल्या ओळीत दोन-दोन अक्षरांच्या नऊ जोड्या आणि अगदी शेवटी इंग्रजीत यस किंवा नो. यस म्हणजे माहिती वाटेत बिघडलेली नाही. दुसऱ्या ओळीच्या शेवटी टी, बरोबरचं चिन्ह आणि एक आकडा, समजा २९८१२. हजाराने भागा: २९.८१२ अंश. नळी मुठीत धरा आणि फाइल पुन्हा उघडा, आकडा चढलेला दिसेल. चढताना तो २९.८१२ वरून २९.८७५ वर उडी मारतो, मधलं काही येत नाही. बारा बिटांवर, म्हणजे सगळ्यात बारीक मोजणीवर, या सेन्सरची एक पायरी ०.०६२५ अंशाची असते. तेव्हा दशांशानंतरचे तीन अंक बघून हुरळून जाऊ नका. पायरी बारीक आहे, अचूकता अर्ध्या अंशाचीच.

नोंद ठेवणं

एवढं झालं की प्रोग्रॅम उरतो आणि तो अवघड नाही. पायवर थॉनी नावाचा पायथॉनचा एडिटर असतो. त्यात लिहायचं इतकंच: २८ ने सुरू होणारे फोल्डर शोध, प्रत्येकातली ती फाइल उघड, पहिल्या ओळीच्या शेवटी यस नसेल तर सोडून दे, असेल तर दुसऱ्या ओळीतला बरोबरच्या चिन्हानंतरचा आकडा घेऊन हजाराने भाग, आणि तारीख, वेळ, सेन्सरचं नाव, तापमान असं एका सीएसव्ही फाइलच्या (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या फाइलच्या) शेवटी जोड. मग पाच मिनिटं थांब आणि पुन्हा. दहा-पंधरा ओळींत होतं. तयार लायब्ररीही आहेत, पण पहिला प्रोग्रॅम स्वतः लिहा. नंतर काही बिघडलं तर कुठे बघायचं ते कळतं.

पाच मिनिटांना एक म्हणजे दिवसाच्या २८८ नोंदी. खोलीच्या किंवा टाकीच्या तापमानाला त्या भरपूर झाल्या. दर सेकंदाला लिहीत बसलात तर मेमरी कार्ड उगाच झिजतं.

वेळेचीही एक गोम आहे. पाय ५ च्या आधीच्या बोर्डांत घड्याळ नसतं, वेळ ते इंटरनेटवरून घेतात. पाय ५ मध्ये घड्याळ आहे, पण त्याची बॅटरी वेगळी लावावी लागते. लाइट गेली, परत आली, पाय लगेच उठला आणि राउटर रेंगाळला, की मधल्या नोंदींवर भलतीच वेळ पडते. म्हणून प्रोग्रॅमच्या सुरुवातीला दोन-तीन मिनिटं थांबायला सांगा.

आकडा खरा आहे का

एक गोष्ट पक्की ध्यानात धरा: सेन्सर फक्त स्वतःच्या अंगाचं तापमान सांगतो. हवेचं तापमान हवं असेल तर त्याचं अंग हवेइतकंच गरम असायला हवं. ऊन लागलं, तापलेली भिंत लागली, पायच्या बोर्डाची धग लागली, की आकडा त्यांचा होतो, हवेचा राहत नाही. वायरिंग तासाभरात जमतं, ही जागेची भानगड मात्र आठवडाभर पुरते.

आधी बर्फाची परीक्षा. घरच्या फ्रिजमधला बर्फ फडक्यात बांधून लाटण्याने ठेचा, स्टीलचा पेला गच्च भरा आणि फटी भरतील इतकंच गार पाणी ओता. बाजारातून मासे आणताना मिळालेला बर्फ नको, त्यात मीठ असलं तर तो शून्याच्या खाली जातो. नळी मधोमध धरा, तळाला टेकवू नका, हलवत राहा. आठ-दहा मिनिटांत आकडा स्थिर होईल. शून्याच्या अर्ध्या अंशाच्या आत असेल तर उत्तम. समजा ०.४ वर थांबला, तर तेवढं वजा करायचं अशी नोंद त्या सेन्सरच्या नावापुढे करून ठेवा. एक-दोन अंशांचा फरक असेल तर सेन्सर परत करा. उकळत्या पाण्याची परीक्षा मी करत नाही. समुद्रसपाटीला पाणी जवळपास १०० अंशांवर उकळतं म्हणून मुंबईत ती सोपी वाटते, पण स्वस्त नळ्यांमधला डिंक आणि केबलचं प्लॅस्टिक तेवढं सोसेलच असं नाही.

खोलीसाठी सेन्सर पायपासून हातभर तरी लांब आणि शक्य तर खालच्या पातळीला ठेवा. पायची गरम हवा वर जाते. भिंतीला चिकटवू नका, दोऱ्याने मोकळा लटकवा. गॅलरीत लावायचा तर उत्तरेची बाजू बघा आणि शेजाऱ्यांच्या एसीचं बाहेरचं युनिट कुठे फुंकतंय तेही बघा. वेधशाळेत तापमापी पांढऱ्या, फटींच्या लाकडी पेटीत ठेवतात. थॉमस स्टिव्हन्सन या दीपगृहं बांधणाऱ्या स्कॉटिश अभियंत्याची ती कल्पना. घरी पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पाच-सहा बशा उलट्या, मध्ये बोटभर फट ठेवून स्क्रूवर ओवल्या आणि आत सेन्सर सोडला, की तेच काम होतं. ऊन अडतं, वारा खेळतो.

फ्रिजमध्ये नळी नुसती सोडलीत तर दार उघडेल तसा आलेख नाचतो. ती पाण्याच्या छोट्या बाटलीत बुडवा. मग आतल्या वस्तूंना काय सोसावं लागतंय ते दिसेल. केबल बारीक असते, दाराच्या रबरातून जाते. दवाखान्यातल्या लसींच्या फ्रिजला २ ते ८ अंशांचा दंडक असतो, तिथे मात्र हा घरगुती सेन्सर लावून विसंबू नका, प्रमाणित यंत्रच लागतं. माशांच्या टाकीत नळी हीटरच्या विरुद्ध टोकाला ठेवा आणि पाय टाकीच्या वरच्या पातळीला. केबलवरून ओघळणारं पाणी मग बोर्डाकडे जात नाही.

एकाहून जास्त सेन्सर

याच तीन वायरींवर आणखी सेन्सर लावता येतात. लाल लालला, पिवळी पिवळीला, काळी काळीला, आणि रेझिस्टर तोच एक. हजेरीत नाव पुकारल्यावर ज्याने त्याने ओ द्यावी तसं पाय प्रत्येकाला त्याच्या नावाने विचारतो. पण कुठलं नाव कुठल्या नळीचं हे दिसण्यावरून कळत नाही. एकेक लावा, नाव बघा आणि केबलला चिकटपट्टीवर लिहून डकवा: "पत्रा", "गॅलरी", "फ्रिज". प्रत्येकाला पाऊण सेकंद, म्हणजे पाच जणांची फेरी चार सेकंदांची.

लांब न्यायचं तर नेटवर्कची लॅन केबल वापरा, डेटा आणि ग्राउंड एकाच पिळलेल्या जोडीत. सेन्सर एकाच केबलच्या वाटेवर ओळीने लावा. पायपासून चार दिशांना चार फाटे काढलेत तर रीडिंगं गळू लागतात. लांबी वाढली आणि नो येऊ लागला तर ४.७ च्या जागी ३.३ किंवा २.२ किलोओहमचा रेझिस्टर लावून बघा. दोनच वायरींवर सेन्सर चालवायची एक युक्तीही वाचनात येईल, त्या वाटेला जाऊ नका. तिसरी वायर स्वस्त आहे.

दोन आकडे ओळखीचे करून घ्या. ८५ अंश म्हणजे सेन्सरला नुकतीच वीज मिळाली आणि त्याने अजून मोजलेलंच नाही, किंवा मोजताना वीज डळमळली. लाल आणि काळीचे जोड तपासा. आणि नेमका शून्य म्हणजे डेटाची वायर बहुधा ग्राउंडला चिकटली आहे. गंमत अशी की सगळी शून्यं आली तर तपासणीचं गणितही शून्यच येतं, त्यामुळे पायला ते पटतं आणि ओळीच्या शेवटी यस येतो. मुंबईच्या गॅलरीत शून्यही होत नाही आणि ८५ही, तेव्हा प्रोग्रॅममध्येच हे दोन आकडे गाळून टाका. फ्रीझरमध्ये सेन्सर असेल तर शून्य गाळू नका, तिथे तो खरा असू शकतो.

पावसाळ्याआधी

ब्रेडबोर्ड शिकायला आहे, जूनमध्ये गॅलरीत ठेवायला नाही. खारी, दमट हवा त्याच्या आतल्या पत्र्यांना आणि जंपरच्या टोकांना खाते. मग रीडिंगं आधी अधूनमधून चुकतात आणि नंतर कायमची. एकदा सगळं नीट चाललं की जोड सोल्डर करा आणि प्रत्येक वायरीवर वेगळी हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आकसणारी नळी) चढवा. ती सोल्डर करण्याआधी वायरीत ओवून ठेवायची असते. तिन्हींवर मिळून आणखी एक मोठी स्लीव्ह चढवा. बाहेरची केबल खिडकीतून आत घेताना खिडकीबाहेर तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकतं, आत येत नाही. पाय स्वतः घरातच ठेवा. केबल गच्चीपर्यंत नेली असेल तर मेअखेरच्या आणि ऑक्टोबरच्या विजांच्या पावसात तिचं टोक पायमधून काढून ठेवा.